उसातली तीन पिल्लं: दोन आईकडे, एक पिंजऱ्यात

कराड तालुक्यातल्या एका गावात अलीकडच्या गळीत हंगामात घडलेलं हे प्रकरण. गाव, माणसं आणि ज्या शहराच्या प्राणिसंग्रहालयाचा यात संबंध आला ते, कोणाचीच नावं दिलेली नाहीत. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडणं आमच्या भागात नवं राहिलेलं नाही. बहुतेक वेळा रात्रीत आई येते, पिल्लं उचलते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि विषय मिटतो. इथे दोन पिल्लांपुरता तो तसाच मिटला. तिसऱ्याचं काय करायचं यावर त्या रात्री जे मतभेद झाले ते अजून मिटलेले नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. वन विभागाच्या हाताखाली काम करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक. निर्णय आमचे नव्हते, पण घेतले जात होते तेव्हा आम्ही शेजारी उभे होतो.

पार्श्वभूमी

कृष्णा-कोयनेच्या पाण्यावरचा हा पट्टा उसाचा. त्यातही आडसाली जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला हा ऊस सोळा-अठरा महिने जागचा हलत नाही. बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ साधारण तीन महिन्यांचा, म्हणजे एकाच फडात तिचं पोटुशी राहणं, विणं आणि पिल्लं डोळे उघडेपर्यंत सांभाळणं आरामात उरकतं. पाटाला पाणी असतं, गावकुसाला कुत्री असतात, उसात डुकरं आणि घुशी असतात. आणखी काय हवं?

पश्चिमेला कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. त्यामुळे गावात नेहमी एक वाक्य ऐकू येतं, "तिकडचं वाघरू इकडं आलंय, तिकडं सोडून या." पण उसातली मादी तिकडून वाट चुकून आलेली असेलच असं नाही. तिची आईही कदाचित इथल्याच एखाद्या फडात जन्मलेली असते. तिचं घर हेच.

अडचण येते ती तोडीच्या वेळी. ऊसतोड मजुरांची टोळी कडेकडेने आत सरकते आणि मधला पट्टा लहान होत जातो. माणसांचा आवाज जवळ आला की मादी एरवी पिल्लं तोंडात धरून हलवते, पण चारी बाजूंनी उजेड पडल्यावर दिवसा तिला बाहेर पडता येत नाही. ती एकटी सटकते आणि अंधाराची वाट बघते. आईविना सापडलेलं पिल्लू पोरकं असतंच असं नाही, ही एक गोष्ट लोकांच्या गळी उतरवण्यात आमचे कित्येक तास जातात.

काय घडलं

जानेवारी संपत आला होता. सकाळी दहाच्या सुमाराला फडाच्या मधोमध शेवटच्या काही सऱ्या उरल्या होत्या. एका बाईंचा कोयता पाचटात गेला आणि खालून पिल्लाचा आवाज आला. टोळी बीडकडची. त्या बाईंनी आरडाओरडा केला नाही. "आई असंल जवळ, मागं सरा" एवढं म्हणून त्यांनी आधी बांधावर खेळणारी लेकरं ट्रॉलीवर चढवली. त्या दिवसभरातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता, असं माझं मत आहे.

पुढच्या अर्ध्या तासात गावातली पोरं मोटरसायकलवरून आली आणि तिन्ही पिल्लं उचलून देवळाच्या मंडपात घेऊन गेली. फोटो झाले. कोणीतरी म्हशीचं दूध आणलं आणि पिल्लांना उताणं धरून चमच्याने पाजलं. यात दोन धोके असतात. म्हशीच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. उताणं पाजलेलं दूध फुप्फुसात जाऊ शकतं, हे जवळजवळ कोणालाच माहीत नसतं. मांजरकुळातलं पिल्लू पोटावर पडून, मान वर करून पितं. त्याला तसंच पाजावं लागतं.

वन विभागाला फोन गेला तो "वाघाची पिल्लं" म्हणून. असे फोन आले की आम्ही आधी फोटो मागतो, कारण पुष्कळदा ती रानमांजराची नाहीतर वाघाटीची पिल्लं निघतात. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर पुसट पट्टे असतात. बिबट्याचं पिल्लू काळ्या ठिपक्यांनी इतकं गच्च भरलेलं असतं की लांबून करडंच वाटतं, आणि शेपूट अंगाच्या मानाने लांब असते. इथे फोटो बघून शंका उरली नाही. डोळे उघडलेले, पाय अजून लटपटणारे, वजन किलोभराच्या आसपास. वय तीनेक आठवडे धरलं.

दोन पिल्लं धडधाकट होती. तिसरं पिल्लू मादी होतं आणि तिच्या मागच्या डाव्या पायावर, घोट्याच्या जरा वर, कोयत्याची जखम होती. दोन बोटं लांब, उघडी, आत काहीतरी पांढरं दिसणारी. ते पांढरं म्हणजे शीर (स्नायू हाडाला जोडणारी) तुटलीय की नुसती वरची त्वचा सोललीय, हे तिथे उभ्या असलेल्या कोणालाच सांगता येईना. तालुक्याचे पशुधन अधिकारी लसीकरणाच्या कामातून वेळ काढून चारच्या सुमाराला पोचले. जखम धुतली, पट्टी बांधली आणि स्पष्ट सांगितलं, "रोज गाई-म्हशी बघतो मी. किलोभराच्या जनावराला इथं शेतात भूल देणार नाही. मेलं तर?" त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तरी तेच म्हणालं असतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गावाचा होता, आणि तो मोठ्या आवाजात मांडला जात होता. पिल्लं आमिष म्हणून ठेवा, पिंजरा लावा, मादी धरा आणि सगळ्यांना लांब नेऊन सोडा. वनपालांनी याला पहिल्यापासून नकार दिला. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. कलम ११ नुसार त्याला पकडण्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि ती मिळण्यासाठी प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेला किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असावा लागतो. या मादीने कोणावर साधं गुरगुरलेलंही नव्हतं.

कायदा बाजूला ठेवला तरी अनुभव काय सांगतो? जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात शंभरावर बिबटे धरले गेले आणि त्यातले बरेच दुसरीकडे सोडले. माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात धरलेला एक नर गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडला, तर तो चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला निघून गेला. सोडलेल्या जागी बिबट्या राहतोच असं नाही, आणि रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या येऊन भरतो. गावाला हे सांगितलं. पटलं असं म्हणवत नाही.

दुसरा पर्याय, तिन्ही पिल्लं प्राणिसंग्रहालयात पाठवायची. वरून पाहता हा सगळ्यात सोपा. गर्दी पांगते, शेतकऱ्याची तोड सुरू होते, जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वनपालांनी तिथल्या पशुवैद्यक मॅडमना फोन लावला. फोन स्पीकरवर होता. "तिन्ही आणलीत तर घेईन, नाही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ज्या दोघांना काही झालेलं नाही, त्यांना माझ्याकडे आणू नका हो. आली की पंधरा-वीस वर्षं माझ्याकडेच राहतील." माणसाच्या हातून वाढलेल्या बिबट्याला माणसाची भीती उरत नाही. शिकार शिकवायला आई नसते. असं जनावर उसात सोडणं म्हणजे गावालाही धोका आणि त्यालाही. शिवाय कलम ११ मध्येच अट आहे की पकडलेला प्राणी निसर्गात परत जाऊच शकत नाही याची लेखी कारणं नोंदवल्याशिवाय त्याला कायमचं बंदिस्त ठेवता येत नाही. धडधाकट पिल्लांसाठी असं कारण काय लिहिणार? केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही पिल्लं आईकडे परत करण्याकडेच आहे.

तिसरा पर्याय तिन्ही परत ठेवण्याचा. जखमी पिल्लाला पट्टी बांधलेली, आई ती पट्टी चाटून-ओढून काढणार, आत काय तुटलंय ते माहीत नाही.

शेवटी ठरलं ते चौथं. दोघं फडात, तिसरी रस्त्याने शहरात.

पहिली रात्र

आधी तोडीचा प्रश्न सोडवावा लागला. शेतकरी तात्या काकुळतीला आले होते. "साहेब, आज न्हाई तोडला तर पुढची तोड कवा मिळायची? वाळून वजन घटंल की." त्यांचं चुकत नव्हतं. मुकादमाचीही टनावर मजुरी, गाडी उभी राहिली की नुकसान. कारखान्याच्या चिटबॉयने, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाने, मार्ग काढला. टोळी दोन दिवस शेजारच्या फडात हलवायची आणि या फडातल्या मधल्या सऱ्या उभ्या ठेवायच्या. हे काम कायद्याच्या कलमाने झालं नसतं. चिटबॉय त्याच गावचा होता म्हणून झालं.

टोळीच्या कोप्या (राहायच्या झोपड्या) फडापासून हाकेच्या अंतरावर होत्या. पिल्लं शोधत फिरणारी मादी आणि उघड्यावर निजणारी लेकरं. वनरक्षकांनी मुकादमाला गाठून त्या रात्रीपुरतं सगळ्यांना शाळेच्या वर्गात हलवलं. अशा प्रकरणांत ही गोष्ट हमखास राहून जाते. सगळ्यांचं लक्ष पिल्लांवर असतं.

दिवेलागणीच्या आत दोन्ही पिल्लं जिथे सापडली होती त्याच सरीत ठेवली. भाजीचं प्लास्टिक क्रेट, तळाला त्याच जागचं पाचट, गोणपाटात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि वर दुसरं क्रेट उपडं घातलेलं. पिल्लं भरकटू नयेत पण आईने पंजा मारला की वरचं क्रेट पडावं, एवढंच वजन. दोन बाजूंना कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. हाताळणारा माणूस एकच, हातमोजे घातलेला.

मादी नऊच्या आधीच आली. कॅमेऱ्यात ती क्रेटभोवती फिरताना दिसते, एकदा नाक आत घालायचा प्रयत्न करते. मग अचानक मान वळवते आणि निघून जाते. पुढच्याच फोटोत पांढरा झोत आहे. बांधावर दोन मोटरसायकली आल्या होत्या, हेडलाइट चालू. वनरक्षक तिथे पोचेपर्यंत पोरं पसार. त्यानंतर रात्रभर कॅमेऱ्यात एक घूस सोडून काही नाही. पहाटे गारठा वाढला तशी पिल्लं उचलून आणली.

रात्री अकराचा फोन

या प्रकरणातला खरा निर्णय फडात झाला नाही. तो गाडीच्या बॉनेटला टेकून उभं राहून, एका फोनवर झाला.

जखमी पिल्लू तीन-चार तासांचा महामार्ग कापून प्राणिसंग्रहालयात पोचलं होतं. मॅडमनी लगेच भूल देऊन जखम उघडून बघितली. शीर शाबूत होती. पांढरं दिसत होतं ते तिच्यावरचं आवरण. जखम साफ करून आतून विरघळणारे टाके घातले होते. अकराला त्यांचा फोन आला. "पहाटे गाडी निघाली तर दुपारपर्यंत ही तुमच्याकडे पोचते. दोन आठवडे असर राहणारं अँटिबायोटिक देते. टाके काढायची गरज नाही. आई अजून फिरतेय ना? मग उद्या संध्याकाळी तिघांनाही एकत्र ठेवा."

वनपालांनी थोडा वेळ मागून घेतला. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यांनी नंतर सांगितलं. नुकतीच भूल उतरलेलं तीन आठवड्यांचं पिल्लू पुन्हा तेवढाच प्रवास करणार. कोयत्याची जखम म्हणजे मातीची, गंजाची जखम. आईच्या जिभेखाली टाका सुटला आणि अळ्या पडल्या तर उसात ते कोणाला कळणार? औषधांच्या वासाने आईने तिला नाकारलं, किंवा तिच्यामुळे तिघांनाही सोडून गेली तर? पहिल्या रात्रीचा डाव आधीच फिसकटला होता. दोन पिल्लांचं काम तिसऱ्यासाठी पणाला लावायला ते तयार नव्हते. त्यांनी नाही म्हटलं.

मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. आई वासाने पिल्लू सहसा टाकत नाही. टाका सुटण्याची शक्यता आहे, पण पिंजऱ्यातलं आयुष्य ही शक्यता नाही, ती खात्री आहे. त्यांनी हे शांतपणे एकदाच सांगितलं. अधिकार वनपालांचा होता.

दुसरा दिवस, दुसरी रात्र

दिवसभर दोन्ही पिल्लं वन विभागाच्या एका अंधाऱ्या खोलीत होती. कराडच्या दुकानातून मांजराच्या पिल्लांची दूध पावडर आणली. तीन-चार तासांनी, पोटावर ठेवून, बारीक बाटलीने थोडं थोडं. पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने खालून पुसायचं, कारण एवढ्या वयात आईने चाटल्याशिवाय पिल्लाला लघवी-शी नीट होत नाही. बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही, फोटो नाही.

गावात सकाळी बैठक झाली. पिंजऱ्याची मागणी पुन्हा झालीच. पण या वेळी पोलीस पाटील आणि त्या टोळीतल्या बाई, दोघंही बोलले. बाईंचं म्हणणं थोडक्यात होतं: तिची लेकरं तिला द्या, म्हंजी ती जाईल. याने जे झालं ते आमच्या पोस्टरांनी कधी झालं नव्हतं. रस्त्याची दोन्ही तोंडं गावानेच अडवायची ठरवली.

एक अडचण उरली, विजेची. त्या आठवड्यात शेतीपंपांना रात्रपाळीची वीज होती. पाणी पाजायला माणसं बॅटऱ्या घेऊन शिवारात फिरणार. लगतच्या चौघांनी त्या रात्रीचं पाणी सोडलं. त्यात दोघांचा गहू ताणावर होता. याची भरपाई कुठल्याही नियमात बसत नाही.

मध्यरात्र उलटल्यावर मादी आली. वरचं क्रेट पाडलं, एक पिल्लू मानेला धरून नेलं. तासाभराने परत आली आणि दुसरं नेलं. मग पहाटेच्या आधी ती तिसऱ्यांदा आलेली कॅमेऱ्यात दिसते. रिकामं क्रेट हुंगते, आजूबाजूच्या सऱ्यांत फिरते आणि जाते. या फोटोचा अर्थ लावण्याच्या भरीस कोणी पडू नये, असं आमच्यात ठरलंय. प्रत्येकाने मनात लावलाच.

प्राणिसंग्रहालयात

तिथल्या कामाबद्दल लोकांना फार कमी माहिती असते, म्हणून थोडं लिहितो. पिल्लू आल्याआल्या विलगीकरणात गेलं. वेगळी खोली, सांभाळायला वेगळे मामा, दाराशी जंतुनाशक पाण्याचं तसराळं. भटक्या मांजर-कुत्र्यांकडून येणारे विषाणू अशा पिल्लांना भराभर मारतात, म्हणून लसीकरण होईपर्यंत त्या मामांना बाकीच्या मांजरकुळाकडे जायची मनाई. दुधावरून खिम्यावर आणताना हाडाची पूड घालावी लागते. नुसत्या मऊ मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात आणि उडी मारताना मोडतात. हौशी माणसांनी वाढवलेल्या पिल्लांत हे हमखास दिसतं. उत्साहाने मटण खाऊ घातलेलं असतं आणि पाय वाकलेले असतात.

जखम चांगली भरली. चालीत किंचित लचक आहे, ती माहीत असलेल्यालाच दिसते. आता ती मोठ्या पिंजऱ्यात आहे. चढण्यासाठी लाकडी मचाण, नखं घासायला ओंडका, खाणं कधी लपवून तर कधी टांगून. मोठं जनावर झाल्यावर रोज तीन-चार किलो मांस आणि आठवड्यातून एक उपास, हा तिथला शिरस्ता. मामा तिच्याशी बोलत नाहीत. ती मात्र त्यांची पावलं ओळखते. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात तिला बंदिस्त ठेवण्याचं जे कारण नोंदवलं गेलं, त्यात जखमेचा उल्लेख गौण आहे. माणसाच्या हातून वाढल्यामुळे परत सोडता येत नाही, हे मुख्य कारण.

वेगळं काय करता आलं असतं

देवळातले ते सुरुवातीचे तास वाचवता आले असते. पिल्लं जागेवरच राहिली असती तर आईने कदाचित आमच्याशिवायच पहिल्या संध्याकाळी ती हलवली असती. त्यासाठी निरोप गावाला द्यायचा नसतो, टोळीला आणि चिटबॉयला द्यायचा असतो, कारण पिल्लं त्यांनाच आधी दिसतात. पुढच्या हंगामापासून तोडणीच्या चिठ्ठीबरोबर वनरक्षकांचा नंबर द्यायला कारखान्याने सुरुवात केली आहे. पहिल्या रात्री रस्ता अडवला असता तर दुसरी रात्र लागलीच नसती. पण मग जखमी पिल्लाला परत आणायची संधीही उरली नसती, हेही खरं.

खरा पेच जखमेचा. शीर शाबूत आहे हे दुपारी बांधावरच कळलं असतं तर ती गाडी निघालीच नसती. ते सांगू शकणारा माणूस तीन-चार तास दूर होता. वनपाल आजही म्हणतात की त्या रात्री त्यांच्या हातात होती तेवढ्या माहितीवर ते पुन्हा नाहीच म्हणतील. मॅडम म्हणतात, माहिती अकरा वाजता पूर्ण होती, धीर कमी पडला. दोघं एकमेकांशी चांगलं बोलतात आणि दोघांनी आपापलं मत सोडलेलं नाही. हंगामात लहान जनावरांना भूल देऊ शकणारा एक पशुवैद्यक कराडला ठेवावा, असा प्रस्ताव मात्र दोघांनी मिळून पाठवलाय. प्राणिसंग्रहालय माणूस द्यायला तयार आहे. गाडी, भत्ता आणि हद्दीबाहेर काम करण्याची परवानगी कोणाकडून घ्यायची, यावर पत्रव्यवहार चालू आहे.